लिनक्समध्ये सीरियल पोर्टची आरटीएस (RTS, डेटा पाठवण्याची विनंती दर्शवणारी) लाइन न बदलता फक्त डीटीआर (DTR, संगणक तयार असल्याचे दर्शवणारी) लाइन निष्क्रिय कशी करावी?

ज्यात केवळ डीटीआरचा बिट १ आहे अशा पूर्णांकाचा पत्ता देऊन आयओसीटीएल (ioctl, उपकरणाला नियंत्रण-आज्ञा देणारे) फंक्शन 'टीआयओसीएमबीआयसी' (TIOCMBIC) या आज्ञेसह वापरावे; मॅन्युअलनुसार ही आज्ञा दिलेले बिटच निष्क्रिय करते, त्यामुळे आरटीएस आहे तशीच राहते. 'टीआयओसीएमएसईटी' (TIOCMSET) ही आज्ञा मात्र टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती सगळ्या नियंत्रण लाइन एकदम लिहिते आणि आधीची स्थिती वाचून पुन्हा लिहीपर्यंत दुसऱ्या प्रोग्रामने केलेला बदल त्यात पुसला जाऊ शकतो. एक मर्यादा लक्षात घ्यावी: पोर्ट उघडताना कर्नल (लिनक्सचा गाभा) सहसा दोन्ही लाइन स्वतःच सक्रिय करतो, म्हणून डीटीआर बदलताच रीसेट होणारे उपकरण तुमची आज्ञा पोहोचण्यापूर्वीच रीसेट झालेले असू शकते.