दुसऱ्या गोळीची वेळ

गेल्या हिवाळ्यात कॅनडातील ब्रॅम्प्टन येथून एका मुलाने माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनासाठी वेळ मागितली, ती स्वतःसाठी नव्हे, तर आईसाठी. आई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सदुसष्ट वर्षांच्या एक शिक्षिका. सहा महिन्यांसाठी त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, आणि त्यांना इथे नुसते ‘बाई’ म्हणणार आहे, कारण मी त्यांना तसेच संबोधत असे.

थंडीने बाईंचे गुडघे धरले होते आणि झोप उडाली होती. तिथल्या ज्येष्ठांच्या गप्पांत कोणीतरी गांजाच्या ‘गमी’ची, म्हणजे जेलीच्या गोळीची, शिफारस केली. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि त्यानंतर वर्षभराने खाण्याच्या पदार्थांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे मुलाने परवानाधारक दुकानातून पाकीट आणले, यात त्याला काही वावगे वाटले नाही. त्या पाकिटात पाच मिलिग्रॅम टीएचसीच्या दोन गोळ्या होत्या. टीएचसी हा गांजातील नशा आणणारा घटक, आणि तिथल्या नियमाप्रमाणे खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात तो दहा मिलिग्रॅमहून अधिक असू शकत नाही. मुलाने मनाशी हिशेब केला की सरकारने ठरवलेली मर्यादाच एवढी कमी असेल, तर दोन्ही गोळ्या घेतल्या तरी काय होणार?

त्या रात्री जे झाले त्याने घर हादरले. बाईंची छाती धडधडू लागली, भिंती सरकताहेत असे वाटू लागले, ‘मी गेले, मला धरा’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या आणि शेवटी रुग्णवाहिका बोलवावी लागली. रुग्णालयात तपासण्या झाल्या, हृदयविकार नसल्याची खात्री झाली आणि पहाटे त्यांना घरी पाठवले. माझ्याशी त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा या गोष्टीला तीन आठवडे झाले होते, आणि त्यांचा प्रश्न एकच होता: “मॅडम, माझं डोकं कायमचं बिघडलं का?”

हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांग पिऊन घाबरलेल्या कॉलेजच्या मुलांकडून तर दरवर्षी. केवळ ‘काही होत नाही हो’ असे म्हणून त्याचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी बाईंना मुलाच्या मदतीने त्या रात्रीचे वेळापत्रक लिहून काढायला सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी दुरेघी वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले. सुवाच्य अक्षरात लिहिले होते: आठ वाजता पोटभर वरणभात. साडेआठला पहिली गोळी. सव्वानऊला ‘काहीच वाटत नाही’ म्हणून दुसरी. दहाला हातपाय हलके. साडेदहाला छातीत धडधड. अकराला रुग्णवाहिका. पहाटे चारनंतर झोप. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड.

त्या पानातच उत्तर होते. गांजा ओढला तर काही मिनिटांत चढतो. पण खाल्ला तर तो पोटातून यकृतात जातो, तिथे टीएचसीचे आणखी प्रभावी रूप तयार होते आणि मग ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते. या प्रवासाला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, भरल्या पोटी अधिकच. पूर्ण जोर यायला चार तासही लागू शकतात आणि परिणाम बारा तासांपर्यंत टिकू शकतो. सव्वानऊला बाईंना काही वाटले नाही, कारण पहिली गोळी अजून वाटेतच होती. चूक झाली ती दुसऱ्या गोळीच्या वेळेत, आणि नवख्या माणसाच्या हातून होणारी सर्वांत नेहमीची चूक हीच असते. “म्हणजे मी बिघडले नाही, औषधच आपल्या वेळेने चढलं आणि उतरलं,” असे बाई स्वतःच म्हणाल्या. ते वाक्य मी त्यांना त्याच पानाखाली लिहायला लावले.

मुलाचा प्रश्न वेगळा होता: “मग किती द्यायला हवी होती?” कॅनडाचे आरोग्य खाते नवख्यांना खाण्याच्या पदार्थात अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसीने सुरुवात करायला आणि परिणाम पूर्ण कळेपर्यंत पुन्हा न घ्यायला सांगते, म्हणजे त्या पाकिटातील एका गोळीचा अर्धा तुकडा, आणि त्या रात्री तेवढेच. परंतु हा आकडा सांगून मी थांबले नाही, कारण आईच्या बाबतीत तो पुरेसा नव्हता. बाई रक्तदाबाची गोळी घेतात. टीएचसीने नाडी वाढते आणि उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून माणूस पडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांवरही गांजाचा परिणाम होतो. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारण्याआधीची मात्रा शून्य, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. गरोदर स्त्रिया, विशीतली मुले आणि ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे अशी माणसे यांनाही मी हेच सांगते, आणि अधिक ठामपणे, कारण मनोविकाराचा खरा धोका या वयात, या घरांत आणि वारंवार तीव्र गांजा घेणाऱ्यांत अधिक असतो. एकदाच घडलेल्या प्रसंगानंतर भास किंवा संशय काही दिवसांनीही ओसरले नाहीत, तर मात्र वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे.

भारतातल्या वाचकांनी अडीच मिलिग्रॅमचा हा हिशेब इथे लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गांजा आणि चरस 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी असलेले आहेत, आणि घोटलेल्या भांगेच्या पेल्यात टीएचसी किती आहे हे घोटणाऱ्यालाही ठाऊक नसते. परदेशातून येताना अशी पाकिटे सामानात आणणे हाही गुन्हाच आहे. आणि कोणाला चढलीच, तर शांत खोलीत आडवे करून एका माणसाने शेजारी बसावे, ‘हे उतरणार आहे’ असे सांगत राहावे, वाहन चालवू देऊ नये. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, न थांबणारी उलटी असेल, किंवा लहान मुलाने खाल्ले असेल, तर थेट रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

बाईंचे भय अर्थात केवळ माहितीने गेले नाही. त्या मुलाचे घड्याळ मनगटावर बांधून दर तासाला नाडी पाहत, आणि नाडी वाढलेली दिसली की घाबरत, आणि घाबरल्या की ती आणखी वाढे. आम्ही आधी दिवसातून तीनदाच पाहायचे ठरवले, मग एकदा, मग घड्याळ मुलाला परत. त्यांच्या मनात रुतलेली खरी गोष्ट चौथ्या भेटीत बाहेर आली: सहा वर्षांच्या नातवाने दारातून ते सगळे पाहिले होते, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी त्या त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाईला मी शब्द काय सुचवणार? मी फक्त एवढेच विचारले की, वर्गातल्या एखाद्या मुलाने असे काही पाहिले असते, तर तुम्ही त्याला काय सांगितले असते?

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितले की नातवाला शेजारी बसवून त्यांनी पाकिटावरचे लाल अष्टकोनी चिन्ह आणि त्यातले पान दाखवले. “हे चिन्ह दिसलं की हात लावायचा नाही, आजीने लावला आणि आजारी पडली,” असे सांगितले, आणि त्याच्याकडून ते चिन्ह वहीत काढून घेतले. ते चित्र वेळापत्रकाच्या समोरच्याच पानावर आहे.