डंपरसाठी ऑस्ट्रेलियात येऊ नकोस, पाना घेऊन ये

विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडला तेव्हा तू पोकलेनवर होतास, आता ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीत डंपर मिळेल का, असं विचारलंयस. मीही तुर्भ्याच्या खडीखाणीतून इकडे आलो, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो: डंपरच्या भरवशावर येऊ नकोस.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात रिओ टिंटो या खाण कंपनीने 2008 सालीच विनाचालक डंपर चाचणीला उतरवले. आता मोठ्या खाणींत ते रोजचेच. कोमात्सुचा 930ई साधारण 290 टन उचलतो. आपली हायवा वीस-पंचवीस. केबिन आहे, सीट आहे, माणूस नाही. रात्रपाळीत पहिल्यांदा समोरून आला तेव्हा मी चक्क हात दाखवला, सवयीने! रस्ता जीपीएसवर आखलेला असतो, पुढ्यात काही आडवं आलं की रडार हेरतं आणि गाडी थांबते. त्या हद्दीत शिरणाऱ्या प्रत्येक जीपवरही यंत्र बसवावं लागतं, नाहीतर आत प्रवेश नाही. लक्ष ठेवणारे बसतात 1500 किलोमीटरवर पर्थला, एसीत. म्हणजे ठाण्यात बसून दिल्लीच्याही पलीकडचा डंपर सांभाळायचा.

डंपर भरणाऱ्या शॉवेलवर अजून बहुतेक ठिकाणी माणूसच आहे. तो बटण दाबून जागा ठरवतो, डंपर आपणहून मागे येतो. 'येऊ दे, येऊ दे, बस्स' ओरडणारा पोरगा लागत नाही. ड्रिलिंगलाही एकच जण कंट्रोल रूममधून दोन-तीन मशिनी बघतो. मला सगळ्यात आवडलं ते कड्यावर रोखलेलं रडार. कडा मिलिमीटरभर सरकला तरी कळतं. तुर्भ्याला आम्ही वर बघायचो आणि माती झिरपायला लागली की पळायचो.

पण शॉवेलची जागा इथल्याच माणसाला मिळते. नुसत्या ऑपरेटरला सहसा कोणी व्हिसा काढून बोलवत नाही. बोलवतात ते डिझेल मेकॅनिकला, ऑटो इलेक्ट्रिशियनला. डंपरला ड्रायव्हर नसला तरी हायड्रॉलिकचा पाइप फुटतोच, सेन्सरवर धूळ बसतेच, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत ते काम माणसालाच करावं लागतं. तुझं आयटीआय डिझेल मेकॅनिकचंच आहे ना? मग पोकलेनवरून उतर आणि वर्कशॉपला लाग. वायरिंग, सेन्सर, लॅपटॉप लावून फॉल्ट शोधणं, हे हातात बसव.

आणि कागद जप. ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही इथली सरकारी संस्था व्हिसासाठी तुझं कौशल्य तपासते, तिथे अनुभवाचा पुरावा लागतो. माझ्या खाणमालकाने सहा वर्षं पगार रोख दिला, चिठ्ठीसुद्धा नाही. ती सहा वर्षं शून्य धरली गेली. नंतर महाप्यातल्या एका वर्कशॉपात चार वर्षं पाना फिरवला, तीच कामाला आली. तेव्हा पगार बँकेतच घे.

वाशीचा तो एजंट ऑपरेटरच्या नोकरीचं पत्र देतो म्हणतोय, त्याला विचार: व्हिसा कुठल्या सबक्लासचा, म्हणजे प्रकारचा, आणि कुठल्या व्यवसायाच्या नावावर? तो काय म्हणतो ते आधी मला कळव. तोवर एक रुपयाही देऊ नकोस.