लिंगाणा चढायचाय. घरी सायकलचं हेल्मेट आहे, ते चालेल का? नसेल तर कोणतं घ्यावं?

नाही, ते नेऊ नका. सायकलचं हेल्मेट सायकलवरून पडण्याच्या हिशोबाने बनवतात. लिंगाण्याच्या सुळक्यावर मोठी भीती असते ती वरून येणाऱ्या दगडाची. मधल्या टप्प्यांवर घसारा, म्हणजे सुटी माती-दगड, आहे आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या वर चार-पाच जण तरी असतात. एकाचा पाय सरकला की दगड थेट खालच्यांवर येतो.

हेल्मेटच्या आत 'ईएन १२४९२' (EN 12492, गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं युरोपीय मानक) छापलेलं आहे का, ते आधी बघा. या मानकाच्या चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून माथ्यावर सोडतात आणि ३ किलोचं टोकदार वजन १ मीटरवरून. 'यूआयएए' (UIAA) या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा शिक्का असेल तर आणखी चांगलं, कारण डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या धक्क्याची मर्यादा तिथे १० ऐवजी ८ किलोन्यूटन आहे. बांधकामावरचं पिवळं हेल्मेटही नको. त्याला पट्टा असला तरी तो बहुधा जोराच्या ओढीने सुटावा असाच केलेला असतो. आपल्याला पडतानाही डोक्यावर राहणारं हेल्मेट हवं.

पण शिक्क्याइतकंच माप महत्त्वाचं, आणि हे मी अनुभवाने सांगते. तैलबैल्याच्या कड्याखाली मी दुसऱ्याचं हेल्मेट घालून बिले देत होते, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर सांभाळत होते. मापाला मोठं होतं. वर बघायला मान उचलली की ते मागे सरकायचं आणि कपाळ उघडं पडायचं. वरून "दगड!" अशी हाक आली तेव्हा मी नेमकी वर बघत होते. सुपारीएवढाच तुकडा होता, पण भुवईच्या वर तीन टाके पडले. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता.

म्हणून दुकानात जाऊन घालूनच बघा. पट्टा न लावता हेल्मेटच्या मागचं माप जुळवायचं चाक आवळा, खाली वाका आणि डोकं हलवा. हेल्मेट जागेवर राहायला हवं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी. मग पट्टा लावून पुढची कड तळव्याने मागे ढकला. कपाळ उघडं पडलं तर ते हेल्मेट तुमचं नाही. लांब केस असतील तर चढताना जशी वेणी घालता तशीच घालून जा. दहा मिनिटं तरी डोक्यावर ठेवा. कुठे टोचत असेल तर कड्यावर दोन तासांत डोकं दुखेल आणि तुम्ही ते काढाल.

प्रकार मुख्यतः दोन. कडक एबीएस प्लास्टिकच्या कवचाचं जड असतं, पण आदळआपट सोसतं आणि स्वस्तही पडतं. फोमचं हलकं. त्यातला ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारखा, फोम एका जोरदार फटक्यात तडकतो, तडा आतल्या गादीखाली लपतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. पहिलंच हेल्मेट असेल तर मी कडक कवचाचं घ्या म्हणेन, कारण आपल्याकडे एसटीच्या टपावर, जीपमध्ये सॅका एकमेकींवर फेकल्या जातात. सह्याद्रीतल्या उकाड्यात हवेची भोकं हवीतच, आणि हेडलॅम्पच्या क्लिपाही बघून घ्या, लिंगाण्याला पहाटे अंधारात निघतात. जुनं, वापरलेलं मात्र घेऊ नका. त्यावर काय काय पडलंय ते कळायला मार्ग नाही.

आणि मोहरी गावाहून लिंगाण्याकडे येताना बोराट्याच्या नाळेत, म्हणजे उताराच्या अरुंद घळीत, शिरण्याआधीच हेल्मेट घाला. बरेच जण ते सॅकला लटकवून नाळ उतरतात, पण सुटे दगड तिथूनच सुरू होतात.