आजी काहीच का टाकत नाही?

चि. ईरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वडूजहून परत आल्यावर तू मला विचारलेस की आजी विरलेल्या साड्या, रिकाम्या बरण्या, चेन तुटलेले दप्तर यांतले काहीच का टाकत नाही, आपण पूर्वी गरीब होतो का, आणि आता नसलो तर ही सवय अजून कशासाठी. जेवताना दोन वाक्यांत उरकावे असा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आपण गरीब नव्हतो. तुझे आजोबा शिक्षक होते आणि पगार दरमहा घरात येत असे. परंतु वडूज ज्यात येते तो खटाव तालुका मुळातच दुष्काळी पट्ट्यातला, आणि १९७२चा दुष्काळ आजीने ऐन तरुणपणी पाहिला. त्या वेळी जमीनजुमला असलेली माणसेसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन त्यांनी दिवस काढले. ज्याने हे पाहिले आहे त्याचा हात पुढे कधी सैल सुटत नाही. तरीही सगळे दुष्काळावर ढकलणे मला पटत नाही, कारण ज्यांच्या कणग्या धान्याने भरलेल्या होत्या त्यांच्या घरीही रीत हीच होती. वस्तू घरात येतानाच तिचा पुढचा उपयोग जवळजवळ ठरलेला असे.

कपड्यांचेच पाहा. नवे कापड घरात यायचे ते बहुधा जूनमध्ये गणवेशासाठी आणि नंतर दिवाळीला. एकाच ताग्यातून आम्हा भावंडांचे कपडे बेतले जात, आणि शिंपी शिलाईत बोटभर माया ठेवून खाली रुंद दुमड घालत असे, म्हणजे मूल वाढले की तीच शिवण उसवून फ्रॉक आणखी काही काळ चालावा. मोठीचा फ्रॉक धाकटीला, धाकटीचा मामेबहिणीला. सुती साडी विरली की तिचा मऊ भाग तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना आणि लंगोटांना जाई, कारण नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते. जे अजून धड असे ते बोहारणीला देऊन, बरीच घासाघीस करून, तिच्याकडून स्टीलचे पातेले किंवा डबा घ्यायचा, आणि ती ते कपडे नीट करून जुन्या बाजारात विकायची. अगदी शेवटी उरे ते पोतेरे.

तू ज्या वाकळेवर झोपलीस ती आता पुन्हा नीट पाहा. वरचा थर आजीच्या आईच्या नऊवारी लुगड्याचा आहे, आत आजोबांची धोतरे आणि विरलेल्या साड्या आहेत, आणि कडेपासून सुरू केलेला धावदोरा चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत आला आहे. दोन ओळींमध्ये बोट मावणार नाही. अशी एक वाकळ पुरी व्हायला उन्हाळ्याच्या कित्येक दुपारी जात, आणि त्या दुपारी घरातल्या बायकांच्या असत. जुन्या काटकसरीचे कौतुक करताना हे कष्ट मोजले जात नाहीत, याचे मला वाईट वाटते, म्हणून तुला मुद्दाम सांगते आहे.

खर्चाचीही एक रीत होती. महिनाअखेरीस वाणसामानाची यादी लिहिली जाई, ती आजी दोनदा वाचून काही ओळी खोडत असे, आणि पगार झाल्यावरच यादी वाण्याकडे जाई. वस्तू हवीशी वाटणे आणि ती घरात येणे यांच्यामध्ये अशा रीतीने काही दिवस जात, आणि त्या दिवसांत निम्म्या इच्छा आपोआप विरून जात. आपल्याकडे येथे न्यू जर्सीत हे मधले दिवसच नाहीसे झाले आहेत. रात्री फोनवर बोट टेकवले की दुसऱ्या दिवशी दारात खोके. केवळ अमेरिकेला दोष देण्यात अर्थ नाही, पुण्यात तुझ्या मावशीच्या सोसायटीतही आता रखवालदारापाशी खोक्यांचा ढीग असतो.

आपण कपडे टाकत नाही, दानपेटीत देतो, असे तू म्हणालीस. दिलेले बरेच, हे खरे. पण या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०१८ साली येथे सुमारे १ कोटी ७० लाख टन कापड कचऱ्यात निघाले आणि त्यातले १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरले गेले. दान केलेल्यातला मोठा भाग परदेशी जातो. घानाच्या राजधानीतल्या कांतामांतो बाजारात त्याचे गठ्ठे फोडले जातात आणि न खपणारे कपडे गटारांतून समुद्रापर्यंत पोहोचतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांच्या टेकड्या झाल्या आहेत. काही लोकरी कपडे आपल्याच पानिपतला येतात, तेथे त्यांचा धागा होऊन स्वस्त कांबळी विणली जातात, आणि निदान तेवढ्यांचा तरी पुन्हा उपयोग होतो.

टीशर्ट पाच डॉलरला कसा मिळतो, हेही विचारात घे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक तेथील शिवणकारखान्यांतले कामगार होते, आणि तेथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत विकले जात होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामगारांना कामावर बोलावले गेले. ही किंमत चिठ्ठीवर छापलेली नसते.

तू वाकळ शिवावीस किंवा वसतिगृहात बरण्या जमवाव्यात असे माझे म्हणणे नाही. आजीची यादी मात्र तुला जमेल. हवीशी वाटलेली वस्तू वहीत लिहून ठेव, खरेदी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच कर, आणि जी ओळ तोवर नकोशी झाली असेल ती खोड. हिवाळी कोटाची चेन बिघडली म्हणून नवा कोट घेऊ नकोस. तुझ्या कॉलेजजवळ कपडे दुरुस्त करणारे दुकान आहे, तेथे चेन बदलून मिळते, पैसे मी देईन.

दिवाळीला नवे कपडे घ्यायचेच, त्यात काटकसर नको. तुझ्या नव्या ब्लाऊजची मापे दसऱ्याच्या आत कळव, म्हणजे मावशी ती पुण्याच्या शिंप्याकडे वेळेवर देऊ शकेल.

तुझी,
आई