व्हीगन आणि प्लांट-बेस्ड आहार यांत नेमका फरक काय?

व्हीगन असणं ही प्राण्यांचं शोषण टाळण्याची भूमिका आहे, तर प्लांट-बेस्ड, म्हणजे मुख्यतः वनस्पतिजन्य पदार्थांचा आहार, हा फक्त ताटापुरता आणि बहुतेकदा तब्येतीसाठी केलेला बदल. 1944 साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत अन्नाबरोबर कपडे आणि इतर वापरही येतो. म्हणून व्हीगन माणूस मांस, मासे, दूध, अंडी, मध तर सोडतोच, शिवाय चामडं, लोकर, रेशीम आणि प्राण्यांवर चाचणी झालेली सौंदर्यप्रसाधनंही टाळतो. प्लांट-बेस्ड खाणाऱ्याच्या पायात चामड्याचे बूट असले तरी काही बिघडत नाही. काही जण अधूनमधून अंडं किंवा मासाही खातात. गंमत म्हणजे तळलेले वेफर्स आणि कोला यांवर जगणाराही व्हीगन असू शकतो. त्यामुळे व्हीगन म्हणजे आपोआप पौष्टिक, असं मुळीच नाही.

मात्र ‘प्लांट-बेस्ड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. पाकिटावर तो दिसला तरी घटकांची यादी वाचाच, कधीकधी त्यात दूध किंवा अंड्याचा अंश निघतो. आणि प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडणार असाल, तर कारण कोणतंही असो, बी-12 जीवनसत्त्व पूरक गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं.