शॉकमधल्या (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही अशा) पेशंटला बेडसाइड सोनोग्राफी करून, आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) बघून सलाईन द्यायचं की नाही ते ठरवता येतं का?

नुसती आयव्हीसी बघून नाही ठरवता येत. मी आयसीयूत काम करतो आणि नवीन रेसिडेंटने प्रोब हातात घेतला की पहिला तिकडेच जातो हे रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हृदय बघा. सबकॉस्टल व्ह्यू, म्हणजे प्रोब छातीच्या हाडाच्या खाली जवळजवळ आडवा धरून. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं छातीवरून काही धड दिसत नसलं तरी इथून बऱ्याचदा दिसतं. हृदयाभोवती पाणी आहे का, एलव्ही (हृदयाचा खालचा डावा कप्पा) नीट आकुंचन पावतोय का, आरव्ही (खालचा उजवा कप्पा) फुगलाय का, एवढंच शोधायचं. पाण्याची काळी रिंग आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडताना) आरव्हीची भिंत आत दबतेय, म्हणजे टँपोनेड (बाहेरच्या पाण्याने हृदय दाबलं जाणं), ते पाणी काढल्याशिवाय बीपी धरणार नाही. आरव्ही एलव्हीएवढा झालाय आणि मधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन एलव्ही इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतोय, तर पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) डोक्यात आलाच पाहिजे.

आता गंमत बघा, या दोन्हीत आयव्हीसी फुगलेलीच असते. 2.1 सेंमीच्या वर आणि श्वास घेताना निम्म्याहून कमी आकसणारी आयव्हीसी एवढंच सांगते की उजव्या ॲट्रियमचं (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याचं) प्रेशर वाढलंय, का वाढलंय ते नाही सांगत. आणि हे आकडे स्वतः श्वास घेणाऱ्यांचे, व्हेंटिलेटरवर मशीन हवा आत ढकलते तेव्हा आयव्हीसी उलट फुगते. बारीक आयव्हीसी तर धडधाकट माणसातही दिसते, त्याला काय आपण सलाईन लावतो का?

मग फुप्फुसं (बी लाइन्स, म्हणजे फुप्फुस ओलं झाल्यावर दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा, आणि प्लुरा, म्हणजे फुप्फुसाचं आवरण, सरकतंय का), लिव्हर-किडनीच्या मधली जागा (तिथे रक्त साचलंय का), ॲओर्टा (शरीरातली मुख्य धमनी). हे हात बसला की पटकन होतं.

एक पेशंट सांगतो. ताप, बीपी कमी, सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडणं) म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चालू होत्या आणि ऑक्सिजन मात्र उतरत चाललेला. प्रोब ठेवला तर एलव्ही जेमतेम हलतोय आणि दोन्ही बाजूंना बी लाइन्स खच्चून भरलेल्या. सेप्सिस होताच हो, पण हृदयही थकलेलं होतं. फ्लुइड थांबवलं, नॉरॲड (बीपी वाढवणारं नॉरॲड्रिनलिन) होतंच त्यात डोब्युटामिन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) जोडलं, मग लघवी सुरू झाली.

फ्लुइडचा प्रश्न खरंच अडला असेल तर एलव्हीओटीचा (एलव्हीतून रक्त बाहेर पडायच्या वाटेचा) व्हीटीआय मोजा, म्हणजे दर ठोक्याला तिथून किती रक्त जातंय याचा डॉपलरवरचा अंदाज, पेशंटला सपाट झोपवून पाय 45 अंशांवर उचला, मिनिटभरात परत मोजा. 10 ते 15 टक्के वाढला तर फ्लुइडने कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला पंप करतं ते रक्त) वाढेल. तरीही बी लाइन्स असतील तर मी हात आखडताच घेतो, आणि जे काही देईन त्यानंतर तोच व्ह्यू पुन्हा बघतो.