बाजारातली माणसं काढणं सोडू नको

बाबू,

तुझ्या चित्रांचे फोटो भेटले. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेली ती बाई मी किती वेळ पाहत बसलो, एक हात वर गाठोड्याला, दुसरा कमरेवर, सगळं वजन डाव्या पायावर आणि पाठ जराशी मागं, हे तुला कोणी शिकवलेलं नाही, तू वावरात रोज पाहिलंय म्हणून हातातून आलं.

आता तू म्हणतोस चेहरे जमत नाहीत म्हणून मोबाईलवर पाहून शेडिंग शिकतो, फोटोवरून पोर्ट्रेट काढतो, त्याच्या ऑर्डर येतात. घे ना ऑर्डर, पोटाला लागतंच. पण त्यापायी आठवडी बाजारात बसून काढणं काऊन बंद करतोस? चेहरा नंतर येईल, नाही आला तरी चालेल, माणूस उभा कसा राहतो ते तुला दिसतं आणि ते लय कमी जणांना दिसतं.

बिल ट्रेलरची चित्रं शोधून पाहा. अमेरिकेत अलाबामात 1853 च्या आसपास गुलामीत जन्मलेला माणूस, आयुष्य कापसाच्या मुलखात राबण्यात गेलं, आणि 1939 च्या सुमारास, वय पंचाऐंशीच्या घरात असताना, मॉन्टगोमेरीच्या रस्त्यावर बसून चित्रं काढायला लागला. फेकलेले पुठ्ठे, पेन्सिल, मग पोस्टर कलर, बस. माणसं, खेचरं, कुत्रे, बरेचसे एकाच रंगात सपाट भरलेले, चेहऱ्यात फारसं काही नाही, तरी दारू प्यायलेला कोण आणि अंगावर येणारा कुत्रा कोणता हे लगेच कळतं. पुठ्ठा वाकडा असला, डाग असला तर तोही चित्रात घ्यायचा. तू कागदाच्या कडा कापून सरळ करतोस ना, ते आधी थांबव.

तीनेक वर्षांत त्यानं हजारावर चित्रं काढली. चार्ल्स शॅनन नावाच्या तरुण चित्रकारानं त्याला रंग आणून दिले, चित्रं जपली, म्हणून ती राहिली. ट्रेलर 1949 मध्ये गेला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन लागलं 2018 मध्ये.

तुझी चित्रं जपायला असं कोणी नाही, तर ते काम तूच कर. गुंडाळी करून फळीवर टाकतोस ते बंद, पोस्टर कलर जाड लागला की गुंडाळीत तडकतो आणि पपडी निघते. सपाट ठेव, मध्ये कोरा कागद घाल, पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नको, पावसाळ्यात बुरशी धरते. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा चिकटलं की निघत नाही. सेलोटेपही नको, डाग पडतो. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो, त्यावर फक्त सराव कर, ज्यात जीव ओतशील ते ड्रॉइंग शीटवर. मागं पेन्सिलनं तारीख, गाव आणि कोण माणूस ते लिही. आणि चांगली चित्रं पन्नास-शंभरला देऊन टाकू नको, लोक मागतात आणि तुला नाही म्हणता येत नाही हे मला ठाऊक आहे.

पोळा आला आता. तोरणाखाली बैल तर सगळेच काढतात, तू झडत्या, म्हणजे पोळ्यात मोठ्यानं म्हणायच्या त्या ओळी, म्हणणारा काढ, हात वर गेलेला, मान ताणलेली, बाजूला कासरा धरून उभे असलेले पोट्टे. तिथंच बसून काढ, फोटो काढून घरी नको. शीट संपले असतील तर सांग, तालुक्याला जाणार आहे, घेऊन येतो.